छताच्या काचेला पडदा

आमच्या वरच्या खोलीच्या छतात एक मोठी काच आहे. लातुरात घर बांधताना लोक देवघर कुठं, जिना कुठं ते आधी ठरवतात. आमच्या ह्यांनी, म्हणजे गणिताचे मास्तर माधवरावांनी, इंजिनिअरला पहिलं वाक्य सांगितलं, "पलंगावरून आभाळ दिसलं पाहिजे." भूकंपात गावाकडच्या घराचं मातीचं माळवद त्यांच्या आईच्या अंगावर आलं आणि त्या गेल्या. तेव्हापासून बंद छताखाली ह्यांचा डोळा लागेना. मग स्लॅबमध्ये जागा सोडून काच बसवली. उन्हाळ्यात त्या खोलीची भट्टी होते आणि पावसाळ्यात ताशा. मी कधी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण उपयोग झाला नाही.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. माझ्या राघवेंद्रची लेक, देविका, नीटच्या रिपीटर बॅचसाठी नांदेडहून आमच्याकडं राहायला आली. खालच्या खोल्या क्लासच्या मुलींना भाड्यानं दिलेल्या, म्हणून तिचं टेबल वर ह्यांच्या, म्हणजे तिच्या आबांच्या, खोलीत, काचेच्या बरोबर खाली. एप्रिल लागला तशी ती डोकं धरून बसायला लागली.

"आजी, नुसतं ऊन पडून राहिलंय पुस्तकावर. डोळे दुखून राहिलेत. अभ्यासच होईना."

राघवेंद्र फोनवर लगेच म्हणाला, "आई, तसं असेल तर तिला एसी होस्टेलला टाकतो."

टाकतो म्हणे! पोतं आहे का ती? पोरगी आल्यापासून मला सकाळी उठावंसं वाटायचं. ती जाणार म्हटल्यावर माझा जीव एका जागी ठरेना. भाजी निवडायला बसले की उठायचे, वर जाऊन काचेकडं बघायचे, पुन्हा खाली यायचे. एका काचेपायी मी तिला जाऊ देणार नव्हते.

आधी काचेवर चुना मारून घेतला. दुसऱ्या दिवशी हे बादली घेऊन गच्चीवर, आणि काच लख्ख! मग शेतीच्या दुकानातून हिरवी शेडनेटची जाळी आणून वरून बांधली. देविका म्हणाली, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. ह्यांनी तर कात्री घेऊन जाळीच्या दोऱ्याच कापल्या. शेवटी मी पिशवी उचलली आणि शिवमूर्तींच्या पडद्यांच्या दुकानात गेले.

"काकू, ऊन अडवायचं तर काचेच्या वरूनच अडवा," शिवमूर्ती म्हणाले. "आतून पडदा लावला तर डोळ्यावरची तिरीप जाती, पण गरमी आत येतीच."

"वरून बांधलेलं आमच्या घरात टिकत नाही."

त्यांनी गुंडाळायचा जाड काळा पडदा दाखवला. होस्टेलवाले तोच नेतात, पोरं दिवसा झोपतात म्हणून. पांढरा झिरझिरीत दाखवला, त्यातून ऊन जसंच्या तसं. मग अॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढल्या. दोरी ओढली की उजेड बंद, पुन्हा ओढली की आभाळ. दिवसा नातीची सोय, रात्री आजोबांची. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

"हाच द्या."

"छताला ह्यो नगा लावू, काकू. बाजूनं तारा ताणल्या तरी वारं सुटलं की लई वाजतंय."

"वाजू दे. आमच्या घरात काय कमी वाजतं?"

तीन-चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी वावटळ उठली आणि वर पट्ट्या कडकड वाजायला लागल्या. भूकंपानंतर कित्येक महिने हे उपड्या पेल्यावर तांब्या ठेवून झोपायचे, धक्का बसला तर तो पडून वाजावा म्हणून. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. हे पलंगावरून उठले, देविकाचं मनगट धरलं आणि तिला जिन्यावरून ओढत थेट रस्त्यावर आणलं. तिथूनच ओरडले, "सगळे बाहेर या!" भाड्यानं राहणाऱ्या मुली पुस्तकं घेऊन धावत आल्या. समोरच्या मेसची पोरं हसत होती.

देविका लाल झाली. "माझी टेस्ट चालू होती, आबा! मला नाही राहायचं इथं."

रविवारी न्यायला येतो, असं राघवेंद्रनं कळवलं. ह्यांनी पलंग सोडून खाली व्हरांड्यात बाज टाकली. मी रात्रभर दोघांवर मनातल्या मनात चिडले आणि सकाळी शिवमूर्तींना फोन करून पट्ट्या काढायला, काळा पडदा लावायला माणूस बोलावला.

तो यायच्या आधीच, भर दुपारी गल्लीत पाण्याचा भरलेला टँकर आला. घर थरथरलं. वर पट्ट्या वाजल्या. हे बाजेवर पेपर वाचत होते, मी पायरीवर. जिन्यावरून देविका अनवाणी धावत आली आणि ह्यांचं मनगट धरून त्यांना फरफटत रस्त्यावर घेऊन गेली. मागं मी.

"टँकर आहे गं, बाळा," हे म्हणाले.

तिनं मनगट सोडलं नाही. "आजी, उन्हाचं कारण नव्हतंच गं. डोळे पण नव्हते दुखत. पान उघडलं की छातीत धडधड व्हायली. मग नुसती वर काचेकडं बघत बसते. किती दिवस झाले, काहीच वाचलं न्हाई मी. यंदाही न्हाई झालं तर?"

मला वाटलं, आता गणिताचे मास्तर भाषण देणार.

"भूकंपाच्या त्या पहाटे मी एकटाच बाहेर पळालो," हे म्हणाले. "आईला नुसती हाक मारली. तिचा हात धरला नाही."

मला त्यांनी आजवर सांगितलं होतं की त्यांनी आईला धरलं होतं, पण हात सुटला. काच धुतली, जाळी कापली, तेव्हा मी ह्यांना काय काय बोलले होते ते सगळं आठवलं आणि मला रडू आलं.

"मग भीती कधी गेली, आबा?"

"गेली नाही अजून. पण मला धरून बाहेर कुणी आणलं नव्हतं. आज तू आणलंस."

तेवढ्यात शिवमूर्तींचा माणूस काळा पडदा खांद्यावर घेऊन आला. "काकू, पट्ट्या काढायच्या ना?"

"राहू द्या. वाजल्या तर आम्ही दोघं बाहेर येऊ," देविकाच म्हणाली. मग माझ्याकडून फोन घेऊन तिनं बापाला लावला. "बाबा, रविवारी या. न्यायला नका येऊ. मला बोलायचंय, ते ऐकायला या."

एका हातात फोन, दुसऱ्या हातात अजून आबांचं मनगट. डांबर चांगलंच तापलं होतं, आणि दोघंही अनवाणी. मी आत गेले आणि दोघांच्या चपला आणून त्यांच्या पायांशी ठेवल्या.