कासवाला काही लागत नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. दाराची नव्हे आणि तसबिरीचीही नव्हे. ज्या मुलांचे पाय त्यांना पेलत नाहीत, त्यांना रोज थोडा वेळ उभं करण्यासाठी आमच्यासारख्या चौकटी असतात. मुलाला आत उभं करायचं, कमरेला आणि गुडघ्यांना पट्टे बांधायचे, हात टेकायला समोर एक फळी. आज मी गॅलरीत पडून आहे आणि माझ्यावर फरशी पुसायचं फडकं वाळतं आहे. पण माझेही दिवस होते.

मला एका सुताराने घडवलं, ते एका बापाच्या सांगण्यावरून. हा बाप गाड्यांच्या सीट शिवायचा. त्याच्या लेकीच्या पायांत जन्मापासूनच जोर नव्हता. बोलायची, पण एकेक शब्द ओढून आणल्यासारखा सावकाश. रोज उभी केली नाही तर सांधे आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बापाने माझ्या गुडघ्यांच्या जागी स्वतः फोम भरला आणि वर रेक्झीन शिवलं. कुठली गादी आतून दबली आहे, हे तो नुसतं बोट लावून ओळखतो, अशी बाजारात त्याची ख्याती होती.

पहिल्या दिवशी पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. आईने तर हातच टेकले आणि ती पट्टे सोडायला निघाली. तेवढ्यात टीव्हीवर एक कार्टून लागलं. विमान चालवणारं एक गलेलठ्ठ कासव. डोक्यावर दगड पडो की वीज, ते अंग झटकायचं आणि नाकातून म्हणायचं, "कासवाला काही लागत नाही!" पोर रडता रडता खुदकन हसली. बापाने ते हेरलं. दुसऱ्या दिवशी पट्टा आवळताना त्याने हुबेहूब तोच आवाज काढला.

मग काय विचारता! मला हिरवा रंग मिळाला, पाठीवर पिवळे ठिपके मिळाले. फळीवर पातेल्याचं झाकण बसलं आणि त्याचं स्टिअरिंग झालं. गोळी कुटून मधात कालवली की ते विमानाचं इंधन. अंघोळ म्हणजे समुद्र. पोरीला उचलून खुर्चीतून पलंगावर ठेवणं म्हणजे विमान उतरवणं, आणि आईची कंबर कितीही भरून आली तरी विमान अलगदच उतरायचं. आई चिडली की बापलेक तिला मगर म्हणायचे, मग तिलाही हसू यायचं. त्या घरात दुःख नव्हतं असं नाही. त्याला कासवाचे कपडे घातले होते, एवढंच.

रोज संध्याकाळी कार्टून संपेपर्यंत ती माझ्यात उभी राहायची. बाप म्हणायचा, "कासवाला काही..." आणि ती हळूहळू वाक्य पुरं करायची, "लागत नाही!" आत्या आली की म्हणायची, किती गुणी पोर आहे, नाहीतर आमची धडधाकट असून दिवसभर कुरकुरतात. बापाची छाती फुगायची. खोटं कशाला बोलू, माझीही फुगायची.

पोर वाढली, मी होते तेवढीच राहिले. तिचा उजवा गुडघा गादीवर नीट बसेना, कंबर एका बाजूला कलायला लागली. टीव्हीवर कासव हसलं की तीही हसायची, पण झाकण इतकं घट्ट धरायची की तिची नखं पांढरी पडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी जवळून पाहिला. लाकडाला जीभ नसते, मित्रांनो.

एकदा तिला तपासणीला नेलं आणि तिघंही उतरलेल्या चेहऱ्याने परतली. आई शेजारणीला सांगत होती, ते मी ऐकलं. खुब्याचा सांधा जागचा सरकला होता. हे बरेच दिवस दुखत असणार, मुलगी काही बोलली नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. आमची पोर कधी कुरकुरत नाही, असं बाप अभिमानाने बोलून गेला. आता तिला उभं करायचं नव्हतं.

काही दिवसांनी तो कात्री घेऊन माझ्यापाशी बसला. माझं रेक्झीन काढून तिच्या खुर्चीला उशी शिवायची होती. उजव्या गुडघ्याची शिवण उसवली, तर आतल्या फोमचा भुगा झालेला. मधोमध नुसतं लाकूड, घासून गुळगुळीत झालेलं. जगाच्या गाद्या बोटाने ओळखणाऱ्याच्या घरात, दिव्याखाली अंधार. त्याने त्या लाकडावर बोट टेकवलं.

पोर खुर्चीतून बघत होती. सवयीने त्याच्या नाकातून आवाज निघाला, "कासवाला..." आणि तो मध्येच थांबला. त्याने टीव्ही बंद केला. मग स्वतःच्या आवाजात, जो त्या घरात मी फारसा ऐकलाच नव्हता, त्याने विचारलं, "इथं दुखायचं का गं?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. "रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"कासवाला लागत नाही ना," ती म्हणाली. "आणि तू किती छान हसायचास, बाबा."

बाप ढसाढसा रडला. ते पाहून तीही रडली, माझ्यात पहिल्यांदा उभी राहिली त्या दिवसानंतर प्रथमच. त्याने तिला गप्प केलं नाही.

कार्टून अजूनही लागतं. कासवाचा राग कुणी धरला नाही, त्याचा काय दोष? पण आता तिला उचलण्याआधी बाप साध्या आवाजात विचारतो, लागतंय का? आणि हात पुढे करून थांबतो. कधी ती नाही म्हणते. पुष्कळदा हो म्हणते, आणि त्या 'हो'वर त्याच्याकडे काहीही इलाज नसतो. तो फक्त ते ऐकतो, मग हात जरा वेगळा घालतो.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. फडकं वाळतं आहे, वाळू द्या. पण तुमच्या घरात कुणी मुकाट्याने हसत असेल, तर शाबासकी देण्याआधी एकदा विचारा, दुखतंय का? आणि उत्तराला वेळ लागला, तर तोवर थांबा.