लाईट गेली की मी सगळं विसरायचो

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे! मी म्हणजे चोवीस खिडक्यांची लोखंडी पेटी. कार्यालयातले संगणक तारांनी मला जोडतात, तेव्हा कुठे ते एकमेकांशी बोलतात. धाराशिवच्या एका कार्यालयात मी नऊ वर्षं एकही रजा न घेता राबलो. मग नवा स्विच आला आणि माझी रवानगी येडशीच्या भंगारात झाली. कुणी हळहळलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

तिथून मला उचललं बेंबळी गावाची लाईट सांभाळणाऱ्या राजपाल वायरमननी. त्यांची लेक पौर्णिमा नेटवर्किंगच्या परीक्षेला बसणार होती. तिची मैत्रीण आरोही त्याच परीक्षेसाठी पुण्याला क्लासला गेली होती. पण पौर्णिमाच्या आईच्या, मुक्ताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सहा महिने घर सोडणं पौर्णिमाला जमणारं नव्हतं.

"म्या हितंच शिकून पास होते," ती म्हणाली. पोरगी बोलली की बोललीच!

ती मोबाईलवर धडे बघायची आणि माझ्यावर करून पाहायची. पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. कुठल्या संगणकाने कुणाशी बोलायचं, हे तिने दुपारभर खपून मला शिकवलं आणि लाईट गेली. शिकवलेलं जपून ठेवायला मला एक वेगळी आज्ञा द्यावी लागते, तीच द्यायची राहिली होती. लाईट आली तेव्हा माझी पाटी कोरी!

"बाबा, तुमीच बंद केली ना लाईट?"

"व्हय. टायमाला बंद करावीच लागती. तुझ्यासाठी गावाचं टाईमटेबल बदलू व्हय?"

ती रुसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने ती आज्ञा मुद्दामच द्यायची सोडली. रोज लाईट जायची, रोज मी विसरायचो आणि रोज ती पहिल्यापासून लिहायची. तिची बोटं इतकी सरावली की मलाच तिचा अभिमान वाटू लागला.

तरीही सोलापूरला परीक्षेला जाऊन ती नापास होऊन आली. आज्ञा तोंडपाठ होत्या, पण बिघाड शोधायच्या प्रश्नांत ती गोंधळली. आरोही पास झाली. फोनवर म्हणाली, "आमचे सर रोज चुका दाखवायचे गं. तुला कोण दाखवणार?" खरंच होतं ते. मी चूक मुकाट्याने सोसतो, दाखवत नाही.

"आता मी चालते की बाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "जा तू पुण्याला."

पौर्णिमा माझ्या तारा गुंडाळू लागली. मग राजपालनी विचारलं, "लाईन बंद पडली तर आमी काय करतो? दिसल त्या खांबावर चढत न्हाय. सबस्टेशनपासनं एकेक खांब बघत चालायचं. तू काय केलंस?"

"उड्या मारल्या," ती हळूच म्हणाली. "बाबा, अजून एक डाव हितंच बसते."

त्या दिवसापासून राजपाल कामावरून आले की माझी एखादी तार गुपचूप ढिली करायचे, नाहीतर भलत्याच खिडकीत खोचायचे आणि म्हणायचे, "शोध." आरोहीही क्लासमधले अवघड बिघाड फोनवर सांगायची. पौर्णिमा एका टोकापासून चालायला शिकली. तीन महिन्यांनी ती पास झाली. निकाल कळला तेव्हा तिने आधी माझ्यावरची धूळ पुसली, मग आईला हाक मारली.

आता माझा पंखा घरघरतो, दोन खिडक्या मेल्या आहेत. मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी एकदा विचारा, ही कुणाला शिकवू शकेल का? आणि शिकणाऱ्याला एकटं सोडू नका. घरी शिको की क्लासात, त्याची चूक दाखवणारं कुणीतरी हवंच.

हल्ली शेजारची अर्पिता माझ्यापुढे बसते. काल तिने तासभर लिहून मान वर केली. "ताई, झालं सगळं. जपून ठेवू?"

पौर्णिमाने हात लांब करून बोर्डावरचं बटण बंद केलं.

"न्हाय. परत लिही."