दुकान बंद झाल्याची बातमी

आमचं दुकान बंद झालं ही बातमी मी दुकानात बसलेलो असतानाच मला कळली. शटर वर होतं, पंखा फिरत होता, समोर एक शिलाई मशीन आडवं घातलं होतं आणि त्याच्या पोटातला दोऱ्याचा गुंता मी चिमट्याने काढत होतो. दारात शाळेचे गणवेश शिवणारी बाई येऊन उभी राहिली. ती आमची जुनी गिऱ्हाईक. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या पाटीकडे, मग परत माझ्याकडे.

"काका, तुम्ही इथे कसे?"

"मी इथे नसेन तर कुठे असेन?"

"तुम्ही दुकान बंद केलंत ना?"

मी चिमटा वर करून दाखवला. "मग मी काय दात कोरतोय?"

ती हसली, पण स्टुलावर बसेपर्यंत तिची खात्री पटलेली दिसत नव्हती. म्हणाली, "अहो, मी फोन केला होता. एका माणसाने उचलला. म्हणाला, दुकान बंद झालं, पुलाजवळच्या दुकानात जा. नंबरसुद्धा दिला त्यांचा. जरा घुश्श्यातच होता."

"कोण माणूस?"

"मला वाटलं तुम्हीच. काकू गेल्यापासून आवाज बदलला असेल म्हटलं. आत्ता मशीन घेऊन पुलाकडेच निघाले होते, शटर उघडं दिसलं म्हणून डोकावले."

माझी बायको या वर्षाच्या सुरुवातीला गेली. दुकानात हाताचं काम माझं आणि तोंडाचं काम तिचं, अशी आमची वाटणी होती. गिऱ्हाइकाशी बोलणं, फोन घेणं, मशीन कधी मिळेल ते सांगणं, सगळं ती करायची. आमची साइटही तिनेच लिहिली होती. तिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर लोकांच्या साइट करून देतो, त्याने ती बांधून दिली. पण त्यातला शब्द न् शब्द तिचा. मेहुणा म्हणाला होता, "ताई, 'शिलाई यंत्र दुरुस्ती सेवा' असं लिही, भारदस्त वाटतं." ती म्हणाली, "असं कोण बोलतं? बायका येतात आणि म्हणतात, मशीन टाका सोडतं. सुई सारखी मोडते. खाली गुंता होतो. त्या फोनमध्येही हेच लिहिणार." तिने तशीच पानं लिहिली. एका तक्रारीला एक पान, घरच्या घरी काय करून बघायचं ते आधी, आणि नाहीच जमलं तर तळाशी आमचा नंबर. कुणी 'मशीन टाका सोडतं' असं शोधलं की आमचं पान सगळ्यात वर यायचं. मेहुणा तोंडात बोट घालायचा.

ती गेल्यावर मी रोज सकाळी चहा घेताना तेच शब्द टाकून तेच पान उघडायचो. ते पहिलंच असायचं. मी तिचं लिहिलेलं वाचायचो आणि मग कामाला लागायचो. गिऱ्हाईक कमी झालं होतं हे दिसत होतं, पण मला वाटलं लोक सुतक पाळताहेत. माणूस गेलेल्या घरी मशीन घेऊन कसं जायचं, असं वाटत असेल.

"साइट तर पहिलीच आहे," मी बाईला म्हणालो आणि माझा फोन दाखवला. खरोखर पहिली होती.

तिने आपला फोन काढला आणि तेच शब्द टाकले. वर पुलाजवळचं दुकान. खाली व्हिडिओ. त्याखाली दोरा विकणाऱ्या कंपन्या. ती बोटाने सरकवत राहिली. पहिलं पान संपलं, दुसरं आलं, तरी आम्ही नाही.

"काका, तुमचा फोन तुम्हाला लाडाने खोटं सांगतोय," ती म्हणाली.

ती मशीन ठेवून गेली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माझ्या दुकानाच्या नावाने फोन उचलणारा माणूस कोण? तो लोकांना पुलाजवळ का पाठवतो? आणि मला आठवलं की पुलाजवळच्या दुकानाची साइट माझ्या मेहुण्यानेच केली आहे. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मला त्यांच्या पानाच्या तळाशी त्याच्या धंद्याचं नाव दिसलं होतं, तेव्हा मी काही बोललो नव्हतो.

मध्यंतरी एका कंपनीच्या माणसाचे फोन यायचे, तेही आठवलं. "सर, तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो, हमखास." मी म्हणालो, ती आहेच पहिल्या पानावर. तो म्हणाला, "तुमच्या फोनवर असेल, सर." मी फोन ठेवून दिला होता. आता वाटलं, त्याला आतली बातमी कशी होती? हाही त्यांच्यातलाच असेल.

दुसऱ्या दिवशी मी शटर ओढून पुलाजवळ गेलो. आधी समोरच्या बाजूने नुसतं पाहून घेतलं. काउंटरवर दोन मशिनं होती. त्यातलं एक मी लांबूनही ओळखलं, कारण त्याच्या चाकाला मीच निळी पट्टी गुंडाळली होती. मी रस्ता ओलांडून आत गेलो.

दुकानदार माझ्याहून तरुण आहे. मला पाहून तो उठला. "या, या. वहिनींचं कळलं. यायचं होतं, पण राहून गेलं."

"हे मशीन माझ्या गिऱ्हाइकाचं आहे."

"हो, त्या बाई म्हणाल्या तसं. पण तुमचं बंद झालं ना?"

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच माणसाने. तुमच्या नंबरवर फोन केला की तो आमचा नंबर देतो. मला तर वाटलं, तुम्हीच सांगून ठेवलंय. मी म्हटलं, मोठं मन आहे माणसाचं."

तो खरं बोलत होता की साळसूदपणा करत होता, हे मला कळेना. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. तेलाचे होते, काम करणाऱ्याचे. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही. मी निघालो आणि थेट मेहुण्याकडे गेलो.

मेहुण्याचं ऑफिस म्हणजे त्याच्या घरातली पुढची खोली. कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक खुर्ची, आणि दुसऱ्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. त्याने ढीग उचलून पलंगावर टाकला.

"बसा, दाजी. चहा टाकतो."

"चहा नको. आमची साइट खाली का गेली?"

त्याने खुर्ची पडद्यांजवळ ओढली. मग म्हणाला, "तुम्हाला कधी कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"महिनाभर बघतोय. तुम्हाला विचारणार होतो, पण तुम्ही फोनवर 'हं' शिवाय काही बोलत नाही."

"माझ्या फोनवर पहिली दिसते."

"तुमचा फोन तुम्हाला ओळखतो. रोज तेच पान उघडता, तर तो म्हणतो, या गृहस्थाला हेच लागतं, देऊन टाका. लोकांना काय दिसतं ते दुसऱ्याच्या फोनवर बघायचं असतं." त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. नकाशा उघडला, आमची गल्ली आली, आमच्या दुकानाचं नाव आलं. नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: कायमचे बंद.

मी ते दोनदा वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"लोकांनी कळवलंय. एकाने नाही, बऱ्याच जणांनी. फोन केला, बंद म्हणाले, म्हणून त्यांनी खूण केली. सर्चवाल्यांना तुमचं शटर थोडंच दिसतं? लोक काय सांगतात त्यावर ते चालतात. बंद दुकान वर कशाला दाखवतील? शिवाय लोक ताईच्या पानावर येतात, फोन लावतात, लगेच मागे फिरून दुसरीकडे जातात. पुलाजवळच्याला गिऱ्हाईक मिळतं, ते त्याच्याबद्दल चांगलं लिहितं, तो आणखी वर जातो."

"आणि तो फोन उचलणारा? त्याला कोणी बसवला?"

"मला काय विचारता?"

"तुलाच विचारतो. पुलाजवळच्याची साइट तू केलीस. आमच्या साइटच्या किल्ल्या तुझ्याकडे. नंबर बदलायला तुला किती वेळ लागतो?"

मेहुण्याचा चेहरा पडला. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "त्याची साइट मी केली, ती ताईला विचारून," तो म्हणाला. "ती म्हणाली, कर, आपल्याकडे गर्दी असली की बायकांना जायला दुसरी धड जागा पाहिजे. तुम्हाला ती सांगणार होती. तेव्हा दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या."

हे तिच्यासारखंच होतं. तरीही मी म्हणालो, "ती आता साक्ष द्यायला येणार नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलंय."

तो पडद्याकडे वळला. मग त्याने तिचं पान उघडलं आणि तळापर्यंत नेलं. "हा नंबर आहे. मी हात लावलेला नाही. लावा तुम्हीच, तुमच्या फोनवरून. विचारा त्याला, कोण आहेस म्हणून."

मी एकेक आकडा बघून दाबला. इतके दिवस ते पान वाचत होतो, पण नंबराकडे कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच दुकानाला कोण फोन करतं? शेवटचा आकडा दाबला आणि माझ्या फोनवर नाव आलं.

मालकीण.

तिनेच एकदा गमतीने माझ्या फोनमध्ये आपलं नाव तसं घातलं होतं. तिला फोन लावायचा तर मी त्या नावावर बोट ठेवायचो. आकडे मला कधी पाठ नव्हते.

"तिचा फोन तुमच्याकडेच आहे ना?" मेहुण्याने हळू विचारलं.

"कपाटात."

"चालू?"

तो मी दवाखान्यातून आणला तसाच साड्यांच्या खाली ठेवला होता. मी नाही म्हणून मान हलवली. मेहुणा म्हणाला, "मला वाटत होतं तुम्ही तो घेऊन बसता दुकानात. नंबर बरेच महिने बंद राहिला की कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते, दाजी."

मी हिरवं बटण दाबलं. घंटी वाजली. 'मालकीण' या नावाखाली सेकंद मोजले जाऊ लागले आणि एका पुरुषाचा झोपेतला आवाज आला.

"मशीन का?"

"नाही. हो. तुम्ही कोण बोलता?"

"मी बेकरीत भट्टीवर असतो. रात्रपाळी. दिवसा झोपतो, म्हणजे झोपायचा प्रयत्न करतो. हा नंबर घेतल्यापासून बायका मला विचारतात, टाका का सुटतो. माझा काय संबंध?"

"मग तुम्ही दुकान बंद झालं असं का सांगता?"

"आधी राँग नंबर म्हणून बघितलं. तर त्या परत लावतात, म्हणतात नंबर बरोबर आहे. बंद झालं म्हटलं की परत लावत नाहीत."

"आणि पुलाजवळचा नंबर?"

"त्या बिचाऱ्या अडलेल्या असतात हो. मी सर्च केलं, जो पहिला आला त्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला."

मेहुणा तोंडावर हात ठेवून बसला होता. हसत होता की काय, हे मी पाहिलं नाही.

"दुकान माझं आहे," मी म्हणालो. "ते चालू आहे."

"मग आधी नाही का सांगायचं? तुमचा नंबर द्या, उद्यापासून तो सांगतो. ज्यांचा हा नंबर होता त्यांनी बदलला का?"

"नाही. तिला आता लागत नाही."

पलीकडे खाट करकरली, तो उठून बसला असावा. मग म्हणाला, "बरं. सांगा नंबर." मी सांगितला. त्याने परत म्हणून दाखवला.

मेहुण्याला मी काय बोललो होतो ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. तो उठून चहा टाकायला गेला आणि मी या वेळी नको म्हणालो नाही. चहा पिताना त्याने काय काय करायचं ते सांगितलं. नकाशावर दुकान चालू असल्याचं कळवायचं. उघड्या शटरचा ताजा फोटो टाकायचा. गिऱ्हाइकांना दोन ओळी लिहायला सांगायच्या, पण आपण त्यांच्या नावाने लिहायच्या नाहीत, ते पकडलं जातं. ताईच्या पानांखाली बायकांनी प्रश्न विचारून ठेवलेत, त्यांना उत्तरं द्यायची. तिचे शब्द बदलायचे नाहीत, ते अजून चांगलेच आहेत. पैसे घेऊन पहिलं पान देणाऱ्यांच्या नादी लागायचं नाही. "आणि नंबर," तो म्हणाला. "सगळ्यात आधी नंबर. तो मी आत्ता बदलतो."

"थांब," मी म्हणालो. "तो मी बदलीन."

त्याने मला कसं करायचं ते शिकवलं.

बाकीचं सगळं झालं. गणवेशवाल्या बाईने फोटो काढला. त्यात मी चिमटा घेऊन शटरखाली उभा आहे. तिने खाली लिहिलं, "काका धडधाकट आहेत, दुकान चालू आहे, मशीन लोण्यासारखं चालतंय." लाल अक्षरं गेली. प्रश्नांना मी उत्तरं देतो. तिच्यासारखं लिहिता येत नाही, पण काय बिघडलंय ते मला कळतं. पुलाजवळच्याने निळ्या पट्टीचं मशीन स्वतः आणून दिलं. मी ते मागितलं नव्हतं, त्यामुळे हा का आला, असं एकदा मनात आलंच. मेहुणा म्हणतो पान वर सरकतंय. माझा त्याच्यावर विश्वास आहे, तरी कुणी मशीन घेऊन आलं की त्यांच्या फोनवर एकदा बघून घेतो. अजून आम्ही दुसऱ्या पानावर आहोत.

तिच्या पानाच्या तळाशी ओळ आहे: मशीन अडलं की मला फोन करा, संकोच करू नका. त्याखाली नंबर. मी ते बदलायला उघडतो. दोन-तीन आकडे खोडतो आणि परत होते तसे घालतो. लोक अजून भट्टीवाल्यालाच फोन करतात आणि तो त्यांना माझा नंबर सांगतो. त्याने तक्रार केलेली नाही, पण त्याची झोप होत नसणार. मेहुण्याने आठवण करून दिली, परवा गणवेशवालीनेही दिली.

नंबर बदलायचा राहिला आहे.