छप्पन्न डिग्रीची वही

चेन्नईत गिंडीच्या त्या प्रयोगशाळेत मी अटेंडर होतो. नळ्या धुणं, बर्फ आणणं, पत्रं पोचवणं ही माझी कामं. आणि दंड पुढे करणं. डॉक्टर मधुसूदनना प्रयोगासाठी निरोगी माणसाचं ताजं रक्त लागे, आणि सगळ्यात जवळ मीच असे.

डॉक्टर पुण्याचे, मी तंजावरकडचा मराठी. "राणोजी, तुमची मराठी तीनशे वर्षं फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी आहे," म्हणून ते हसत. मीही हसे.

माझी मुलगी विशालाक्षी तिथेच टेक्निशियन होती. दर प्रयोगाला माझ्या रक्तातल्या सीरमच्या दोन नळ्या होत. लाल टोपणाची छप्पन्न डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, निळ्या टोपणाची बर्फात.

२००४ च्या मार्चमध्ये एका सकाळी डॉक्टरांनी मोबाइलवर बोलता बोलता दोन्ही नळ्या पाण्यात सोडल्या. मी पाहिलं, पण त्यात चूक काय हे मला कळत नव्हतं. प्रयोग पाहुण्यांसमोर फसला.

"सीरम बर्फाबाहेर राहू दिलंस ना?" डॉक्टर सगळ्यांदेखत विशालाक्षीला म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे लिफाफा दिला. "घरीच जाताय, मुलीला द्या." मला वाचता येत नव्हतं. घामाने भिजू नये म्हणून बसमध्ये मी तो पिशवीत डब्यावर आडवा ठेवला. निष्काळजीपणाबद्दल तिला कामावरून काढल्याचं पत्र होतं ते. मीच नेऊन तिच्या हातात दिलं. पुढे एकाही लॅबने तिला घेतलं नाही. टी. नगरच्या दुकानात ती साड्यांच्या घड्या घालू लागली.

चौपन्नाव्या वर्षी मी तिच्याकडून अक्षरं शिकलो. आधी मराठी, मग इंग्रजी.

"आता कशाला, अप्पा?"

"नळ्यांवरची नावं वाचायला."

प्रयोगाचं गुपितही तिनेच सांगितलं. "पांढऱ्या पेशीच्या अंगावर सीआर-थ्री नावाचा रिसेप्टर असतो. हात समजा. नुसता जंतू त्या हाताला नीट धरता येत नाही. सीरममधलं कॉम्प्लिमेंट नावाचं प्रथिन आधी जंतूला चिकटलं, की हात धरतो आणि पेशी गिळते. गरम पाण्यात कॉम्प्लिमेंट मरतं. सीरम मात्र दिसायला तसंच राहतं."

"म्हणजे लाल नळीत गिळायचं नाही, निळीत गिळायचं?"

"सरी! बरोबर! अप्पा पास!"

गरम पाण्याच्या टबाशेजारी दोरीने बांधलेली वही असे. कोणी काय ठेवलं, किती वाजता, सही. भरलेल्या वह्या माळ्यावर जात, आणि माळा झाडणारा मी. २००७ मध्ये त्या सकाळचं पान मला सापडलं. मार्च, दहा वाजून दहा मिनिटं, दोन नळ्या, मधुसूदन. सवयीने खरं लिहून गेले होते.

वही नेऊन दाखवली असती तरी चाललं असतं. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

जुलैत समिती येणार होती. प्रयोग पटला की मधुसूदन संचालक होणार. सकाळी कीर्तना या नव्या टेक्निशियनने माझं रक्त काढलं, सीरम वेगळं केलं. त्यातलं थोडं मी तिसऱ्या नळीत घेऊन बर्फात पुरलं. डॉक्टर आणि कीर्तना पाहुण्यांना आणायला फाटकाशी गेले, तेव्हा निळी नळी लाल नळीशेजारी पाण्यात ठेवली. वहीत लिहिलं: राणोजी, एक नळी, नऊ चाळीस. सही केली. अर्ध्या तासाने ती पुन्हा बर्फात.

डॉक्टरांनी पांढऱ्या पेशींवर जंतू म्हणून यीस्ट आणि सीरम घातलं. वेळ भरल्यावर सूक्ष्मदर्शकात पाहिलं. काच बदलली, पुन्हा पाहिलं. कानामागून घाम उतरला. यीस्ट बाहेरच होतं, दोन्हीकडे. मी भिंतीला टेकून उभा होतो. तीन वर्षांत इतक्या सुखाने कधी उभा राहिलो नव्हतो.

मग ते कीर्तनाकडे वळले. "सीरम बर्फाबाहेर राहू दिलंस ना?"

तेच शब्द. ती रडायला लागली.

"तिने नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "मी गरम केलं. वहीत सही आहे."

"काय? मूर्ख माणसा, कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही शिकवलंत." मी जुनी वही समितीच्या जयतीर्थ सरांपुढे उघडली. "ह्या दिवशी ह्यांनी दोन्ही नळ्या पाण्यात घातल्या नि माझ्या मुलीला काढलं. ही तिसरी नळी. रक्त तेच, बर्फातलं. करून बघा."

जयतीर्थ सरांनी पान दोनदा वाचलं. "मधुसूदन, करा. स्वतःच्या हाताने."

त्यांनी तिसऱ्या नळीतलं सीरम पेशींवर घातलं. अर्ध्या तासाने सरांनीच आधी पाहिलं. पेशी यीस्टने गच्च भरल्या होत्या.

संचालक दुसरंच कोणी झालं. महिन्याभरात मला दोन लिफाफे मिळाले. एकात विशालाक्षीवरचा ठपका काढल्याचं पत्र, दुसऱ्यात मला काढल्याचं. ह्या वेळी दोन्ही मी बसमध्येच वाचले.

विशालाक्षीने तिचं पत्र वाचलं, घडी घातली. साडीची घालते तशी.

"आणि ती कीर्तना? तिला आधी सांगितलं होतं?"

"नाही."

"अय्यो, अप्पा! सगळ्यांसमोर रडवलंत तिला?"

मी मान खाली घातली. कीर्तनाकडे जाऊन मी माफी मागितली. मधुसूदनांचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.