पृष्ठभागाखाली

त्याच्या कारखान्यात कपड्यांच्या दुकानांतले पुतळे दुरुस्तीला येत. तुटलेली बोटं, उडालेली नाकं, तडकलेले खांदे. सगळ्यात कटकटीचं काम फोडांचं. फायबरच्या आत ओल अडकून राहते, महिनोन्महिने वर काहीच दिसत नाही, आणि एक दिवस गुळगुळीत रंगाखालून बारीक फुगे वर येतात. ते सुईनं टोचायचे, आतलं आंबूस पाणी निपटायचं, स्पिरिट लावायचं, वाळलं की घासून सपाट करायचं.

हे हाताला इतकं सवयीचं होतं, की स्वतःच्या अंगावर, नको त्या जागी, तसाच फोडांचा पुंजका दिसला तेव्हा त्यानं दुसरा विचारच केला नाही. सुई तापवली, टोचले, स्पिरिट लावलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण थोड्याच दिवसांत जागा स्वच्छ झाली.

स्वच्छ झाल्यावर मात्र धास्ती वाटू लागली. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. जननेंद्रियांवरचा हर्पिस, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, असू शकतो, नसूही शकतो. फोड ताजे असते तर त्यातलं पाणी तपासता आलं असतं, पण पुरावा त्यानंच पुसून टाकला होता. रक्ताच्या तपासणीत इतक्यात काही कळणार नव्हतं, आणि पुढेही पक्की खात्री मिळेलच असं नव्हतं. जिवाला धोका नाही, औषध आहे, हेही त्यांनी सांगितलं. त्याच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच.

"असलाच तर तो आता कण्याच्या तळाशी, मज्जातंतूंत झोपला असेल," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं झोपतो. पुन्हा काही उठलं तर हात न लावता इकडे या. आणि बायकोला सांगा."

कुणाकडून आला, लग्नाआधी की नंतर, हेही सांगता येत नाही म्हणे.

बायको प्रशिक्षणासाठी परगावी होती, शनिवारी परतणार होती. सांगावं, आणि काही निघालंच नाही, तर आपल्याच हातानं संसारात बिब्बा घातल्यासारखं. गप्प बसावं, आणि निघालं, तर तिच्या अंगात ते आपण सोडलेलं. त्याचा जीव टांगणीला लागला.

कामात लक्ष लागेना. भर दुपारी पुतळ्यांच्या रांगेतून चालताना मागे कुणीतरी अंग खाजवल्यासारखा बारीक आवाज येई. वळून पाहावं तर सगळे आपापल्या जागी, नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे. एका पुतळ्याच्या मांडीवर फोड उठले होते. सकाळी ते नव्हते, हे तो छातीठोकपणे सांगू शकला असता. त्यानं बोट टेकवलं. मांडी कोमट लागली. पत्र्याच्या फटीतून ऊन थेट तिथंच पडतं, उष्णतेनं ओल फुगते, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं बोट झटकन मागे घेतलं.

"लाजतोस काय असा?" हिशेब बघणारी ताई दारातून म्हणाली. "बायको येतेय म्हणून आत्तापासूनच?"

तो कसनुसं हसला. सुई मात्र त्या दिवशी त्याच्यानं उचलवली नाही.

शनिवारी संध्याकाळी बायको आली, बॅग दारातच टाकून त्याच्याकडे झेपावली, आणि तो एक पाऊल मागे सरला. मग सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं फोडांचं सांगितलं, सुईचं सांगितलं, डॉक्टरबाईंचं 'कदाचित' सांगितलं. दुसरी कुणी बाई नाही, हे दोनदा सांगितलं.

ती ओरडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि चपलेचा पट्टा सोडता सोडता थांबली.

"आधी पायात मुंग्या येतात ना?" तिनं विचारलं. "मागच्या बाजूनं, खालपर्यंत?"

त्याला आल्या होत्या. पण मुंग्यांचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरबाईंनासुद्धा.

"तुला कसं माहीत?"

"मला वाटायचं, सायकलच्या सीटनं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "कॉलेजपासून. येतं आणि जातं. कधी दाखवलं नाही कुणाला."

तो तिच्याशेजारी बसला. दोघांच्या मधे माणूसभर जागा राहिली, आणि त्या जागेकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"आत्ता आहे?" त्यानं विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. "कालपासून."

"हात लावू नकोस," तो म्हणाला, आणि डॉक्टरबाईंचा नंबर शोधू लागला.