दोन फ्रीजमधली जागा

शेठ स्वतःच्याच दुकानातून कायमचे बाहेर पडले. हे घडलं, आणि आता ते अजून घडलंच नाही असं धरून चालू. शेठ गल्ल्यामागे स्टुलावर बसलेत, पंखा फिरतोय, गिऱ्हाईक यायचंय.

आला तो जावई. तो थंड पेयाच्या, हिरव्या बाटलीच्या कंपनीत विक्रीला. त्यानं काचेच्या दाराचा फ्रीज फुकट आणून ठेवला. आत फक्त हिरव्या बाटल्या ठेवायच्या, आणि दारातून आधी फ्रीजच दिसला पाहिजे, एवढंच कंपनीचं म्हणणं. शेठना नाही म्हणता येईना. जावयाची विक्री कमी पडली की मुलगी फोनवर रडायची.

मेहुणा पिवळ्या बाटलीच्या कंपनीत. त्यानं जावयाच्या फ्रीजपेक्षा वीतभर उंच फ्रीज आणला.

“दाजी, जावई काय, आज आहे उद्या नाही. मेहुणा कायमचा.”

“अरे, माझ्या मुलीचा नवरा आहे तो!”

“म्हणूनच सावध करतोय.”

“माझ्या भावाचा फ्रीज बाहेर राहिला तर मीही बाहेरच झोपेन,” बायको म्हणाली. ही धमकी की सवलत, हे ठरेपर्यंत फ्रीज आत आला होता.

मग जावयानं दोन दारांचा आणला, मेहुण्यानं तीन दारांचा. साबण, वह्या, काड्यापेट्या मागच्या खोलीत गेल्या. मागच्या खोलीत फ्रीज आल्यावर त्या कुठे गेल्या, कुणी विचारलं नाही. शेवटी जावई टेप घेऊन आला आणि शेठना खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजलं.

“बाबा, तुम्ही आडवे येताय.”

“कशाच्या?”

“मालाच्या.”

मेहुण्याचं जावयाशी आयुष्यात पहिल्यांदा पटलं. “बरोबर बोलतोय तो. दाजी, गिऱ्हाइकाची नजर आधी तुमच्या टकलावर जाते. आणि टक्कल कुठल्याच कंपनीचं नाही.”

स्टूल फुटपाथवर गेलं, स्टुलावर शेठ, शेठवर ऊन. घरून आणलेली पाण्याची बाटलीही मेहुण्यानं काढून घेतली. “पाणी आम्हीसुद्धा विकतो, दाजी. मालकच घरचं प्यायला लागला तर लोकांनी काय समजायचं?”

भर दुपारी शेठ स्टुलावरून खाली कोसळले. ओठ हलले. “पाणी.”

एकीकडून हिरवी बाटली आली, एकीकडून पिवळी.

“आधी माझी!”

“मी नात्यानं मोठा!”

“मुलगी कोण सांभाळतं यांची?”

बायकोनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. “आधी माझ्या भावाची घ्या हो. रुसेल तो.”

जावयानं फोन शेठच्या कानाला लावला. मुलगी हुंदके देत होती. “बाबा, पिवळी प्यालात तर मला माहेर नाही असं समजेन मी.”

शेठनी तोंड घट्ट मिटलं. तेव्हा दोघांनी मिळून त्यांचा जबडा उघडला आणि दोन्ही बाटल्या एकदमच रिकाम्या केल्या. कुणीतरी फोटो काढला. कंपन्यांनी तो मधोमध कापून चौकात लावला. हिरवीकडे शेठचा डावा गाल, पिवळीकडे उजवा. खाली दोन्हीकडे एकच ओळ: ‘जीवात जीव आला.’

जीव तेव्हा दवाखान्यात होता. तेवढ्या दिवसांत विक्री दुप्पट झाली. दुकानदार नसला की दुकान जोरात चालतं, हे दोन्ही कंपन्यांना एकाच वेळी कळलं. त्यांनी दुकान निम्मं-निम्मं भाड्यानं घेतलं. शेठ शुद्धीवर नव्हते, म्हणून जावयानं त्यांचा अंगठा धरला आणि मेहुण्यानं शाई. भाडं बायकोच्या नावावर. ती म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानाचे पैसे वेळेवर आले.”

शेठ काठी टेकत आले, तेव्हा दारात जावई उभा होता.

“बाबा, आत नका येऊ. करारात लिहिलंय, दुकानात फक्त माल राहील.”

“मग मी कोण?”

मेहुण्यानं करार काळजीपूर्वक, शेवटच्या पानापर्यंत वाचला. “तुमचा उल्लेखच नाहीये, दाजी.”

शेठनी त्याच फुटपाथवर बसून दोन्ही कंपन्यांना अर्ज लिहिला:

‘सबब विनंती की, अर्जदारास माल म्हणून मान्यता देऊन सदर दुकानात परत घेण्यात यावे. मुदत संपेपर्यंत मागच्या रांगेत उभे राहण्यास अर्जदाराची हरकत नाही. अर्जदारास थंड करण्याची आवश्यकता नाही.’