नाव कापलेली गोळी

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे, मित्रांनो. पण बिस्किटांचा वास माझ्या अंगाला आता औषधालाही उरलेला नाही.

एका ईदला नांदेडच्या बाजारातून मी कंधारला जाहिदाबीच्या घरी आलो. बिस्किटे बघता बघता फस्त झाली. मग माझ्यात दोऱ्याची रिळे, हूक आणि बटणे राहू लागली, कारण जाहिदाबी बायकांचे ब्लाउज शिवते. फार सुखाचे दिवस होते ते. पुढे तिच्या नवऱ्याला, जिलानीभाईंना, शुगर निघाली, घरात गोळ्या येऊ लागल्या आणि मला दोऱ्यांवरून औषधांवर बढती मिळाली. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आधी फक्त जिलानीभाईंच्या गोळ्या होत्या. मग कुणाच्या तापाच्या उरल्या, कुणाच्या गुडघेदुखीच्या उरल्या, त्याही माझ्याच पोटात आल्या. पैसे देऊन आणलेले औषध टाकून द्यायला हात धजत नाही ना कुणाचा! गल्लीत कुणाचे पोट बिघडले की लोक दवाखान्याआधी आमच्या दारात उभे. "जाहिदाबीचा डबा लई गुणाचा हाय," असे म्हणायचे. खोटे कशाला बोलू, ऐकून मीही फुगायचो.

पण जाहिदाबीची एक सवय मला छळायची. शिवणाऱ्या हाताला कडेचे जादा कापड खपत नाही. गोळ्यांचे पाकीटही ती आपल्या मोठ्या कात्रीने कापायची. एकेक गोळी वेगळी करायची आणि भोवतीचा चकचकीत कागद छाटून टाकायची. डबा नीटनेटका दिसायचा खरा, पण त्या छाटणीत गोळीचे नाव जायचे, तारीखही जायची. डोकेदुखीची गोळी पांढरी, शुगरचीही पांढरी. कुणी विचारलेच तर ती म्हणायची, "माझा हात वळखतो की!"

श्रावणातल्या एका सोमवारी चतुराबाई आली. ही जाहिदाबीची जुनी मैत्रीण, जवळच्या खेड्यातली शेतकरीण. सुनेचे, तनुजाचे, डोहाळजेवण ठरले होते, त्याचे ब्लाउज न्यायला ती आली होती. तनुजाच्या सुखरूप बाळंतपणासाठी तिने श्रावणी सोमवार धरले होते, तेही नुसत्या पाण्यावर. उन्हातून आल्यामुळे तिचे डोके ठणकत होते.

"जाहिदा, गोळी दे गं एखादी. डोस्कं फुटून राहिलं."

"देते की अक्का. बस, हूक तेवढे लावते. तुझी गाडी चुकंल न्हाई तर."

हुकावरची नजर न काढता तिने माझ्यात हात घातला आणि एक पांढरी गोळी पुढे केली. मला कळले! माझ्या पोटातले मला कळणार नाही? ती शुगरची होती. उपाशी पोटी, शुगर नसलेल्या बाईला! मी झाकण वाजवले, पण पत्र्याचे कोण ऐकतो? चतुराबाईने पाण्याबरोबर गोळी घेतली, ब्लाउज पिशवीत घातले आणि ती एसटी स्टँडकडे गेली. मी तसाच तळमळत बसलो.

दुपारी जिलानीभाई जेवायला आले. जेवणाआधी त्यांनी मला उघडले, चाचपले आणि विचारले, "जाहिदा, मेरी गोली कां गई? एकच तो बची थी."

"वो क्या पड़ी, सफेद."

"ये तो सरदर्द की है. मेरी इससे बारीक रहती."

जाहिदाबीच्या तोंडचे पाणी पळाले. चतुराबाई तर मोबाइल सुनेपाशी ठेवून आली होती. जाहिदाबीने मला काखोटीला मारले आणि जिलानीभाईंच्या गाडीवर बसली. डॉक्टरांना माझ्यातल्या गोळ्या दाखवाव्या लागतील, एवढे भान तिला राहिले. मी वाटभर खडखडत होतो आणि ती "जल्दी, जल्दी" म्हणत होती.

एसटी अजून लागली नव्हती. चतुराबाई बाकावर कलंडली होती, घामाने निथळत होती, हात कापत होते. भोवतीचे लोक म्हणत होते, "उपास बाधला. निजू द्या बाईला." जाहिदाबीने चहाच्या गाड्यावरून साखर घेतली, पाण्यात ढवळली आणि पेला तिच्या ओठांशी नेला.

चतुराबाईने तोंड फिरवले. "सोमवार हाय माझा. तनुजासाठी धरलाय. न्हाई मोडायची."

"अक्का, मी रोजे धरणारी बाई हाय. दुसऱ्याचा उपास मोडा म्हणायला माझी जीभ उगंच वळंल का? गोळी चुकीची दिली मी. जीव जाईल तुझा! पी. देवानं जाब इचारला तर माझं नाव सांग."

चतुराबाईने पेला हातात घेतला आणि रिकामा केला.

तिला लगेच सरकारी दवाखान्यात नेले. साखर पुन्हा उतरू शकते म्हणून तिला तिथेच ठेवून घेतले. डॉक्टरबाईंनी मला टेबलावर पालथे केले आणि विचारले, "यातली कोणती गोळी कशाची, सांगा." गुणाचा म्हणून मिरवणारा मी! मला कळत होते, पण पत्र्याला तोंड कुठे, आणि जाहिदाबीला तर एकही ओळखता आली नाही. ती डोळ्यांना पदर लावून रडली.

चतुराबाई बरी होऊन घरी गेली. जाहिदाबीच्या घरात आता पाकीट कापले जात नाही आणि दुसऱ्याला गोळी दिली जात नाही. गल्लीतले लोक तिला तोंडावर चिक्कू म्हणतात. ती ऐकून घेते आणि दवाखान्याचा रस्ता दाखवते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला आज मोठ्या माणसांकडून उघडून घ्या. जिचे नाव, तारीख दिसत नाही, ती गोळी त्यांना त्याच्या पोटात ठेवू देऊ नका आणि एकाचे औषध दुसऱ्याला देऊ देऊ नका. मी मात्र अजून बेचैन आहे. चतुराबाई माझ्या गुणाने वाचली नाही, की कुणाच्या शहाणपणाने नाही. त्या दिवशी एसटी उशिरा आली, म्हणून वाचली. तुमच्या गावाची गाडी एखाद्या दिवशी वेळेवर सुटेल.